तिसऱ्या नळीचं वरचं टोक

१

लॅबमध्ये तिला सगळे थरवाली म्हणायचे. समोर 'मॅडम' आणि पाठ फिरली की थरवाली, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतंही. तळ्याच्या तळातून गाळाने भरलेली नळी यायची, ती उभी चिरायची आणि आतले थर मोजायचे, हेच तिचं काम. तळ्यात दर वर्षी एक फिका थर बसतो आणि त्यावर एक गडद. फिका-गडद, फिका-गडद, हजारो वर्षं, कुणी बघत नसताना. त्यात अडकलेले परागकण सांगतात की तेव्हा काठावर रान होतं की नुसतं गवत. किड्यांची डोकी सांगतात की पाणी गार होतं की कोमट. लोकांना वाटतं, बापरे, केवढं रोमांचक काम! कसलं डोंबलाचं रोमांचक. दिवसभर चिखल खरवडायचा आणि घरी जाऊन नखांतून काढत बसायचं.

सकाळी आल्या आल्या पहिली फेरी कोल्ड रूमची. खोली कसली, लांबट कपाटच म्हणा. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांवर आडव्या ठेवलेल्या नळ्या, आणि डोक्यावर सतत घरघरणारं थंडीचं यंत्र. प्रत्येक नळीवर काळ्या शाईचा एक बाण. बाणाचं टोक म्हणजे गाळाची वरची बाजू, अलीकडची. शेपूट म्हणजे खालची, जुनी. नळ्या ठेवायची शिस्त एकच, सगळे बाण दाराकडे. तेवढं सांभाळलं की बाकी पसारा कसाही चालतो.

ती तापमान बघायची, यंत्राखालच्या बादलीतलं पाणी ओतून टाकायची, आणि जाता जाता मोठ्या तळ्याच्या तिसऱ्या नळीला तळहाताने आत ढकलायची. ही नळी रोज सकाळी बोटभर दाराकडे सरकलेली असायची. शेजारच्या दोघी जागच्या जागी, ही मात्र पुढे. "बस की गं आत गुपचूप," ती म्हणायची. यंत्राच्या थरथरीने सरकत असेल. नाहीतर मांडणीलाच उतार असेल. एकदा तिने पाणसळ लावून बघितली. उतार नव्हता. मग थरथरच म्हणायची.

२

मोठ्या तळ्याच्या अशा तीन नळ्या होत्या. लागोपाठच्या तीन हंगामांत, तळ्याच्या मधोमध, एकाच जागेवरून काढलेल्या. काढणारा तिचा धाकटा भाऊ. त्याला लॅबमध्येही सगळे धाकटाच म्हणत, कारण ती तशी हाक मारायची आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. तराफ्यावरचं सगळं त्याच्याकडे. तराफ्याच्या मधल्या भोकातून नळी खाली सोडायची, गाळात दाबायची, दोराने ओढून काढायची, वरचा वीतभर पातळ चिखल हिंदकळू नये म्हणून पिशवीत काढून घ्यायचा, दोन्हीकडे बुचं ठोकायची आणि बाण काढायचा. पोरगा मनाने सोनं, कामाला वाघ, पण धांदरट. एकदा त्याने दोन तळ्यांच्या पिशव्यांची अदलाबदल केली होती आणि सगळी लॅब डोकं धरून बसली होती. त्याला अजूनही ते कुणी विसरू देत नव्हतं.

नळ्या बरेच दिवस रांगेत पडून होत्या. या वर्षी त्यांचा नंबर लागला.

पहिली चिरली. थर असे सुरेख, की थरवालीने स्वतःशीच "वा" म्हटलं. शेपटाजवळ मात्र गडबड होती. थर वाकले होते. आता, नळी आत घुसताना कडेचे थर थोडे खाली ओढले जातात, ते रोजचंच. हे तसं नव्हतं. इथे थर मधूनच वर उचलले गेले होते, एका ठिकाणी फाटले होते, आणि फाटलेल्या जागेच्या खाली नळीच्या टोकापर्यंत थर असे नव्हतेच. नुसता गुळगुळीत काळा गाळ.

असतं एखाद्या नळीत. तिने एक फाक कामाला घेतली, दुसरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टोकांना बुचं बसवून परत मांडणीवर ठेवली आणि दुसरी नळी चिरली. तोच बाक, तीच फाटलेली जागा, खाली तोच काळा गाळ. फक्त इथे तो बाक नळीच्या मध्यावर होता.

तिसरीत बाणाच्या टोकापासून जेमतेम चार बोटं खाली होता. बाकी नळी सगळी काळी.

तिने तिन्ही फाका लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पहिल्या वर्षी खाली, दुसऱ्या वर्षी मध्ये, तिसऱ्या वर्षी वर. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग तिला एकदम चहाची तलफ आली, आणि ती खोलीबाहेर गेली.

३

समोरच्या टेबलावर किडेवाला बसायचा. गाळातून किड्यांच्या अळ्यांची डोकी वेचायची आणि मोजायची, हा त्याचा धंदा. टिंगलखोर माणूस. दुपारच्या डब्याला सुद्धा "आज किती डोकी फोडलीस" असं विचारल्याशिवाय त्याला घास जायचा नाही.

थरवालीने त्याला काळ्या गाळातला चमचाभर दिला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि थट्टा केली नाही.

"काय टाकलंस ह्यात?"

"मी काय टाकणार? जसा आहे तसा दिला."

"एक डोकं नाही."

"कमी असतील."

"कमी नाही गं, एकसुद्धा नाही. डोकी नाहीत, काडीकचरा नाही, शेवाळाची कवचं नाहीत. तू बघ तुझे परागकण आहेत का."

तिने बघितलं. स्लाइड ठेवली, मायक्रोस्कोप लावला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. स्वच्छ. गाळाच्या स्लाइडमध्ये काही ना काही कचरा असतोच असतो. इथे नुसता उजेड दिसत होता. तिने दुसरी स्लाइड केली, तिसरी केली. गाळ धुताना आम्ल जास्त पडलं असेल, सगळं विरघळलं असेल, असं म्हणून आम्ल न घालताही एक केली.

"ताट चाटूनपुसून साफ करावं तसा आहे हा चिखल," किडेवाला म्हणाला. "मी आयुष्यात रिकामा गाळ पाहिला नाही."

"मग आज पाहिलास. जा, काम कर."

तो गेला. ती बराच वेळ डोळा लावून बसली होती.

४

त्याच आठवड्यात धाकटा संध्याकाळी घरी आला. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला. टेबलावर तिने तिन्ही नळ्यांच्या एक्स-रेच्या मोठ्या प्रती पसरून ठेवल्या होत्या, त्या त्याने कोपराने जरा सरकवल्या.

"सर म्हणतात, चौथी नळी काढायची. त्याच जागेवरून."

"मग काढ की."

गेला हंगाम संपल्यापासून त्याने तराफ्यावर पाऊल टाकलं नव्हतं. सामानाच्या खोलीत बसून दोर गुंडाळत होता. तिला कारण माहीत होतं. त्याने एकदाच, हसत हसत सांगितलं होतं, आणि तीही हसली होती.

"ताई, मी थट्टा करत नव्हतो तेव्हा," तो म्हणाला. "नळी दाबली की गाळ तिला आत घेतो, ते हाताला कळतं. त्या दिवशी अर्ध्यापर्यंत गेली आणि मग आपणहून वर यायला लागली. हिसका नाही, धक्का नाही. आपण दार लोटावं आणि आतून कुणीतरी हळूच परत लोटावं, तसं."

"गाळात वायू असतो."

"वायू असता तर बुडबुडे आले असते. एक नाही आला."

"तराफ्यावर सोबत नावाडी होता ना, तो काय म्हणाला?"

"त्याला कळलंच नाही. दोर माझ्या हातात होता ना." त्याने तोंडावरून हात फिरवला. "झोप नाही गं. डोळा लागला की ते हाताला जाणवतं, मी दचकून उठतो. घरी बायको वैतागलीये. लॅबमधले टिंगल करतात. मला स्वतःलाच लाज वाटते. तू सांग. तू जा म्हणालीस तर मुकाट्याने जातो. नको म्हणालीस तर सरांना तोंडावर नाही सांगतो, मग काय व्हायचं ते होवो."

आई गेली तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. त्याचं नाक पुसण्यापासून सगळं थरवालीनेच केलं. तेव्हापासून शर्ट कुठला घालू इथपासून लग्न कुणाशी करू इथपर्यंत तो हिलाच विचारत आला, आणि हिने प्रत्येक वेळी उत्तर दिलं. कधी चुकलीही असेल, पण उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"थांब, चहा घे आधी," ती म्हणाली. उठून गॅसकडे गेली, आणि कप घेऊन त्याच्या खुर्चीमागे आली.

तिथेच थबकली.

त्याच्या बाजूने एक्स-रे उलटे दिसत होते. आणि उलटे बघितल्यावर सगळं कसं लख्ख कळत होतं! थर वर उचललेले नव्हतेच. खाली दबलेले होते. पाण्यात पडलेला दगड मऊ गाळात रुततो, त्याच्याखालचे थर वाकतात, फाटतात, आणि त्याच्या मागे वरपर्यंत त्याच्या जाण्याची वाट राहते. ती वाट म्हणजे तो काळा गाळ. दगड सापडला नाही, कारण नळीने त्याची नुसती कड छाटली. तराफा दर वर्षी हातभर इकडेतिकडे होतोच, म्हणून तीन नळ्यांत खोली वेगवेगळी. इतकं साधं.

"धाकट्या," ती म्हणाली, "तू बाण उलटे काढलेस."

५

"काय?"

"तिन्ही नळ्यांवर. वर ते खाली आणि खाली ते वर. बघ, ये इकडे."

त्याने बघितलं. तिने बोटाने दाखवलं, दोनदा समजावलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पण ताई, बाण मी नळी उभी असतानाच काढतो. हात ओले असतात, शाई फासते, तरी तेव्हाच काढतो."

"बुचं लावायला नळी आडवी करतोस ना?"

"करतो. पण बाण त्याच्या आधी."

"दर वेळी?"

"दर वेळी." मग जरा थांबून, "बहुतेक."

"पिशव्यांच्या वेळीही तू असाच ठाम होतास."

हे लागलं त्याला. तो मान खाली घालून चित्राकडे बघत राहिला. तिलाही क्षणभर वाईट वाटलं, पण आपण बरोबर आहोत याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि या भावाला एका फटक्यात भीतीतून मोकळा करता येईल याचा त्याहूनही.

"म्हणजे तो दगड," तो म्हणाला.

"दगडच."

"वरून पडलेला. जुना."

"खूप जुना. आपल्या खापरपणज्यांच्याही आधीचा. आणि नळी वर आली म्हणतोस ना, ती अशाच एखाद्या दगडाला टेकली असेल. मग नळी वाकते, दोर सैल पडतो, हाताला काहीही वाटतं."

त्याने मोठा श्वास सोडला. कप उचलला, चहा एका दमात संपवला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं, आणि तो एकदम लहान दिसायला लागला.

"असेल बाई," तो म्हणाला. "माझीच चूक असेल. मी धांदरट आहेच."

"मग जातोस ना?"

"तू म्हणतेस ना, मग जातो."

जाताना दारात तो बराच वेळ हसत काहीबाही बोलत उभा राहिला. दार लावल्यावर तिला फार हलकं वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी तिने स्पिरिटच्या बोळ्याने तिन्ही नळ्यांवरचे बाण पुसले आणि उलटे काढले. शिस्त म्हणजे शिस्त, बाण दाराकडे हवेत, म्हणून तिन्ही नळ्या मांडणीवर फिरवूनही ठेवल्या. सरांना सांगितलं. सर म्हणाले, "धाकटा ना? वाटलंच मला," आणि विषय संपला.

पुढच्या सकाळी ती कोल्ड रूममध्ये गेली आणि सवयीने तळहात पुढे केला. नळी पुढे आलेली नव्हती. तिने मनात म्हटलं, चला, फिरवून ठेवली ते बरं झालं, आता नीट बसली. तापमान बघितलं. बादली ओतली. बाहेर पडताना सहज मागे वळून बघितलं.

शेजारच्या दोन्ही नळ्यांपेक्षा तिसरी बोटभर आत होती. मागच्या भिंतीच्या बाजूला.

तिने हात घालून ती ओढून बरोबर लावली. फाक गार होती, जड होती, बाकी काही नाही. थरथरीने वस्तू एकाच बाजूला सरकतात असं थोडंच आहे? इकडे सरकली तशी तिकडे. यंत्र जुनं झालं होतं, ते बघायला माणूस बोलवायला हवा होता. ती दार लावून बाहेर आली आणि तिच्या लक्षात आलं की दाराचा खटका तिने दोनदा तपासला.

त्यानंतर रोज सकाळी नळी भिंतीकडे गेलेली असायची. एकदा तर टोक भिंतीला टेकलेलं. आत काम करताना एक बारीक आवाजही यायचा, प्लास्टिक ताणलं जावं तसा, कुरकुर. गाळातून वायू सुटतो, बूच फुगतं, हे नेहमीचं. अशा वेळी बुचाला सुईने टोचायचं, फुस्स होतं, बूच बसतं. तिने भिंतीकडच्या बुचाला सुई टोचली. फुस्स झालं नाही. बूच फुगलेलंच राहिलं, आणि बोटाने दाबल्यावर दाबलं गेलं नाही. तिने बोट काढून घेतलं.

मॅडम, तिने स्वतःला म्हटलं, या वयात आता हे नकोत नखरे.

ती कामाला लागली. तिची रीत ठरलेली होती, आजपासून मागे जायचं. वरच्या टोकापासून सुरुवात, मग थोडं थोडं खाली, तळ सगळ्यात शेवटी. तिसऱ्या नळीचं वरचं टोक, म्हणजे आता तिने ठरवलेलं वरचं टोक, सगळं त्या रिकाम्या काळ्या गाळाचं. तिथे काही मिळण्यासारखं नव्हतंच. एक गोष्ट मात्र खटकली. अलीकडच्या गाळात कारखान्यांच्या धुराड्यांतून उडालेली राख असते, काळ्याभोर गोल गोळ्या, मायक्रोस्कोपखाली छर्ऱ्यांसारख्या दिसणाऱ्या. कारखाने आले तेव्हापासूनच्याच थरांत त्या मिळतात, आधी नाही. त्यांपैकी एकही तिला मिळाली नाही. पण वरचा वीतभर चिखल धाकटा पिशवीत काढून घेतो, कारखान्यांचा काळ त्यातच गेला असणार. तिने मान डोलावली आणि खाली सरकली.

प्रत्येक गोष्टीला उत्तर मिळत होतं. एरवी तिला याचाच आनंद व्हायचा.

७

धाकटा तराफ्यावर जायचा तो दिवस उजाडला. स्वच्छ ऊन होतं, वारा नव्हता. थरवाली नेहमीसारखी लॅबमध्ये आली. किडेवाला तिच्याआधी येऊन बसला होता. तिने त्याला आदल्या दिवशी तिसऱ्या नळीचा शेवटचा तुकडा दिला होता, तळाचा, त्या बाकापलीकडच्या चार बोटं थरांमधला.

"या, थरवाली बाई," तो म्हणाला. आज त्याला थट्टेची लहर होती. "तुमच्या तळाशी कारखाना निघालाय. अभिनंदन. जगातला सगळ्यात जुना कारखाना."

"काय बडबडतोस?"

"डोळा लाव."

तिने डोळा लावला. काळ्याभोर गोल गोळ्या. एक नाही, दोन नाही, स्लाइडभर. त्यांच्यामध्ये किड्यांची डोकी, घाण पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची, आजकाल प्रत्येक तळ्यात मिळतात ती.

"हा आजचा गाळ आहे गं," किडेवाला म्हणाला. "माझ्या-तुझ्या हयातीतला. तू ह्याला तळ म्हणतेस?"

तो पुढे काहीतरी बोलत होता, दुसऱ्या नळ्यांचे तुकडे मिसळले असतील वगैरे. तिला ऐकू येत होतं आणि नव्हतं. धाकट्याने बाण बरोबर काढले होते. तिन्ही. ओल्या हातांनी, शाई फासली तरी, नळी उभी असताना. थर खाली दबलेले नव्हते, वर उचललेले होते. पहिल्या वर्षी खाली, दुसऱ्या वर्षी मध्ये, आणि गेल्या वर्षी चार बोटं आणि वीतभर चिखल एवढंच उरलं होतं.

आणि ते गेलं वर्ष होतं.

तिने धाकट्याला फोन लावला. वाजला, वाजला, आणि त्याच्या बायकोने उचलला.

"अहो ताई, फोन घरीच ठेवून गेलेत ते. पाण्यात पडेल म्हणून."

"कधी गेला?"

"सकाळीच की. काय सांगू तुम्हाला, काल कितीतरी दिवसांनी शांत झोपले. शीळ घालत गेले बघा. तुमचे उपकार आहेत, ताई. नाहीतर मला तर काळजीच लागली होती हो." आणि मग, "ताई? काय झालं? अहो बोला ना."

"काही नाही. जरा काम होतं," थरवाली म्हणाली.

किडेवाल्याच्या गाडीची किल्ली त्याच्या टेबलावर होती. तिने विचारलं नाही, उचलली.

८

रस्ता नेहमीचाच. शाळेसमोर गाड्या सावकाश चालल्या होत्या, एका वळणावर कुणीतरी रस्ता खणून ठेवला होता आणि लाल झेंडा धरलेला माणूस तिला थांब म्हणत होता. ती थांबली. ती मोठमोठ्याने स्वतःशी बोलत होती. अगं, गाळ आहे तो. गाळात जिवंत असं काय राहणार? काय खाणार? हा शेवटचा प्रश्न तिने विचारायला नको होता. तिला त्या स्वच्छ स्लाइड आठवल्या. झेंडेवाल्याने हात हलवला, ती निघाली.

तळ्याकाठी कुणी नव्हतं. पाणी आरशासारखं सपाट. मधोमध तराफा, दोन माणसं. नावाडी एका टोकाला पाठ करून उकिडवा बसलेला, धाकटा मधल्या भोकापाशी उभा, हातात दोर. म्हणजे नळी खाली गेली होती.

तिने हाक मारली. पाण्यावरून आवाज लांब जातो, त्याने लगेच वर बघितलं आणि आनंदाने हात हलवला. ताई बघायला आली, एवढंच त्याला वाटलं. तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. काम बंद, परत या, ही त्यांची खूण. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, नावाड्याला काहीतरी म्हणाला आणि दोर ओढायला लागला. पटापट येत होता दोर, काहीच अडकलेलं दिसत नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. ती खरोखरच मटकन खाली बसली, ओल्या दगडांवर.

म्हणूनच तिला ते दिसलं. तिच्या पायापाशी पाणी मागे चाललं होतं. लाट नव्हती. काठ नुसता मागे सरकत होता, आणि मघा पाण्याखाली असलेले गोटे एकेक करून उघडे पडत होते.

तिने वर बघितलं. तराफा उचलला गेला होता. डुलत नव्हता, कलत नव्हता. त्याच्याखालचं पाणी मधूनच वर आलं होतं, रुंद, गोल, गुळगुळीत, आणि तराफा त्याच्या माथ्यावर सरळ बसलेला. ती तो आकार ओळखत होती. कित्येक दिवस तिच्या टेबलावर तोच होता.

नावाडी तराफ्यावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी फळ्या धरून राहिला. धाकटा उभाच होता. तो मधल्या भोकातून खाली बघत होता. बराच वेळ बघत होता. ओरडला नाही, मागे सरला नाही. फक्त त्याचा चेहरा हळूहळू असा झाला, की तो चेहरा तिने फक्त एकदाच पाहिला होता, आईला घरातून नेलं त्या दिवशी.

मग त्याने मान वर केली आणि काठावरच्या तिच्याकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तरी समोर उभा राहून बोलावं तसा स्पष्ट आला. "हलू का नको?"

तिला काय माहीत! तिला कशाचंच काही माहीत नव्हतं. उडी मार म्हणावं तर पाण्यात. थांब म्हणावं तर तिथे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो वाट बघत होता. ती सांगेपर्यंत तो काहीच करणार नव्हता.

"हलू नकोस," ती म्हणाली.

तराफा अजून वर येतच होता.

"बरं," धाकटा म्हणाला, आणि ताईने सांगितलंय म्हणून तसाच उभा राहिला.